स्वाहिली आणि समोच्च रेषा

२०१४ सालची नरक चतुर्दशी बुधवारी आली होती. परदेशात अशी आडवारी येणारी दिवाळी म्हणजे काय, ते इथल्या मराठी माणसाला विचारा. पहाटे पाचला उठून बाथटबात उकिडवं बसून अभ्यंगस्नान, आईने बॅगेत कोंबून दिलेली मोती साबणाची वडी, आणि कारीट मिळत नाही म्हणून टाचेखाली फोडलेला चेरी टोमॅटो. त्याच्या बिया टबाच्या जाळीत अडकल्या म्हणून सणासुदीला बायकोची बोलणी खाल्ली ती वेगळीच. मग डब्यात चकल्या-शंकरपाळे भरून नऊच्या मीटिंगला हजर.

नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात मी तेव्हा तसा नवाच होतो. आमच्या टीममध्ये तिघं जण चॅपल हिलच्या विद्यापीठात शिकलेले. शुक्रवार आला की तिघंही आकाशी निळे टी-शर्ट घालून यायचे, आणि ड्यूकबरोबर बास्केटबॉलचा सामना असला की आठवडाभर दुसरा विषय नसायचा. (ड्यूक विद्यापीठ चॅपल हिलहून जेमतेम दहा मैलांवर. भाऊबंदकी जवळच्याशीच होते.) त्या बुधवारी दुपारी मात्र तिघंही माना खाली घालून फोन वाचत बसले होते. समोरच्या टेबलावरचा, लाल मग घेऊन फिरणारा, एन. सी. स्टेट या प्रतिस्पर्धी विद्यापीठाचा माजी विद्यार्थी माझ्या डब्यातली चकली मोडत गालात हसत होता. खरी दिवाळी त्याची होती.

चॅपल हिलच्या विद्यापीठावरचा वेनस्टीन अहवाल त्या दिवशी बाहेर आला होता.

हे विद्यापीठ म्हणजे इथल्या माणसांचं देवघर. १७८९ साली सनद मिळालेलं, १७९५ साली वर्ग सुरू झालेले, सरकारी विद्यापीठांमध्ये देशात सगळ्यांत आधी दारं उघडलेलं. मायकेल जॉर्डन इथला. 'कॅरोलिना वे' असा एक शब्दच इथे रूढ आहे. त्याचा अर्थ साधारण असा की आम्ही सामनेही जिंकतो आणि पोरांना नीट शिकवतोही, बाकीच्यांसारखं नाही आमच्यात. तर या देवघरात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं काय चाललं होतं, ते केनेथ वेनस्टीन या वकिलांनी शोधून काढलं. न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर राहिलेला माणूस. विद्यापीठानेच त्यांना नेमलं होतं, कारण आधीच्या चौकशांनी कुणाचं समाधान होत नव्हतं आणि रॅलीच्या 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर' या वर्तमानपत्राचा डॅन केन नावाचा बातमीदार काही केल्या पिच्छा सोडत नव्हता. वेनस्टीन यांच्या लोकांनी १२६ जणांशी बोलणी केली, सोळा लाखांच्या घरात ईमेल तपासल्या.

निघालं ते असं. आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागात काही वर्ग होते, ज्यांना सगळे 'पेपर क्लास' म्हणत. हे वर्ग कधी भरतच नसत. हजेरी नाही, व्याख्यान नाही, प्राध्यापकांचं तोंड बघायचं कारण नाही. सत्र संपताना एक लांबलचक निबंध आणून द्यायचा की झालं. निबंधाला गुण द्यायच्या डेबोरा क्राउडर, आणि त्या प्राध्यापक नव्हत्या. विभागाचं ऑफिस सांभाळणाऱ्या कर्मचारी होत्या. सुरुवात आणि शेवट वाचायच्या, पानं पुरेशी आहेत का बघायच्या, आणि ए नाहीतर बी देऊन मोकळ्या व्हायच्या. गुणपत्रकावर विभागप्रमुखांची सही लागे, तीही पुष्कळदा त्याच करत. अठरा वर्षांत ३,१०० हून जास्त विद्यार्थी या वर्गांतून गेले. त्यांतले जवळजवळ निम्मे विद्यापीठाच्या संघांतले खेळाडू. एकूण विद्यार्थ्यांत खेळाडूंचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास, आणि या वर्गांत निम्मे!

निम्मेच का, ते कळायला 'एलिजिबिलिटी', म्हणजे खेळायची पात्रता, कळावी लागते.

अमेरिकेत कॉलेजचा संघ म्हणजे पोरांची हौस नव्हे. फुटबॉल आणि बास्केटबॉल यांच्यावर टीव्हीचे करार, तिकिटं, टोप्या-टीशर्ट, देणगीदार, सगळं चालतं. पण मैदानात उतरणारा पोरगा कागदोपत्री विद्यार्थी असावा लागतो. एनसीएए ही सगळ्या कॉलेजांच्या खेळांवरची संस्था. तिच्या नियमाने सत्रात निदान १२ क्रेडिटचे विषय घ्यायचे, पदवीकडे ठरावीक वेगाने सरकायचं आणि सरासरी राखायची. ती ढोबळमानाने चारापैकी २.० धरा. आता हिशेब करू. चार विषय घेतले. खरोखरीच्या दोन वर्गांत पोराला डी मिळाला, एकात सी. डीचा एक, सीचे दोन. चौथ्यातही डीच पडला तर बेरीज पाच, सरासरी १.२५, पोरगा घरी. पण चौथा विषय पेपर क्लास असेल आणि तिथे ए मिळाला तर चार. एक, एक, दोन, चार. आठ भागिले चार. बरोब्बर २.०, आणि शनिवारी पोरगा मैदानात.

वेनस्टीन यांच्या मोजणीत असे १६९ खेळाडू सापडले, ज्यांची सरासरी किमान एका सत्रात निव्वळ या वर्गांमुळे २.० च्या वर राहिली.

सगळ्यांत जास्त वेळ मी अहवालातल्या एका स्लाइडपाशी थांबलो. २००९ साली क्राउडरबाई निवृत्त झाल्या. खेळाडूंच्या अभ्यासाकडे बघणाऱ्या समुपदेशकांची पाचावर धारण बसली. नोव्हेंबरात त्यांनी फुटबॉलच्या प्रशिक्षकांपुढे एक सादरीकरण केलं. आधी आपण काय करत होतो, तर पोरांना अशा वर्गांत घालत होतो की तिथे जावं लागत नसे, टिपणं काढावी लागत नसत, जागं राहावं लागत नसे, प्राध्यापकांना भेटावं लागत नसे, लक्ष द्यावं लागत नसे. आणि खाली ठळक अक्षरांत, की हे वर्ग आता उरलेले नाहीत. त्या सत्रात फुटबॉल संघाची सरासरी २.१२१ वर आली, दहा वर्षांतली सगळ्यांत कमी.

मी आजवर ऑफिसात शेकड्यांनी स्लाइड पाहिल्या, बनवल्याही. इतकी खरं बोलणारी स्लाइड नाही पाहिली.

पण क्राउडरबाई काही डोक्यातून जाईनात. अहवाल वाचायला घेताना मला वाटलं होतं की पैसे खाल्ले असणार. आपल्याकडची सवय. तसं काही नव्हतं. त्या स्वतः याच विद्यापीठात शिकलेल्या. हुशार पोरांच्या मागे सगळे धावतात आणि रखडणाऱ्यांकडे कुणी बघत नाही, हे विद्यार्थिदशेत त्यांनी स्वतः सोसलेलं. तेव्हापासून ठरवलेलं की आपल्या हातात आलं तर अशा पोरांना हात द्यायचा. त्यात बास्केटबॉलचं वेड असं की संघ हरला की दुसऱ्या दिवशी कामावर यायचं त्राण राहत नसे. विभागप्रमुख ज्युलियस न्यांगोरो मूळचे टांझानियाचे. त्यांनी चौकशीत सांगितलं की फार पूर्वी त्यांच्या हाताखालचे दोन खेळाडू नापास होऊन बाहेर पडले होते. एकाचा पुढे खून झाला, दुसरा तुरुंगात गेला. ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

म्हणजे अठरा वर्षं जे चाललं त्याच्या मुळाशी कणव होती. हे वाचलं आणि अहवाल मिटून ठेवला. कारण त्या कणवेची चव मला माहीत होती. दूध आणि उकडलेल्या अंड्यांची चव होती ती.

२००४ ते २००७ मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात बी.एस्सी. करत होतो. हॉस्टेलवर खोलीत माझ्याबरोबर संभा. कबड्डीचा रेडर. उजव्या कोपऱ्यातून आत शिरून डाव्या पायाने बोनस घ्यायचा आणि परत येताना कॉर्नरवाल्याच्या मनगटाला असा हिसका द्यायचा की समोरच्याला पकड लागली होती का सुटली तेच कळू नये. त्याच्या चढाया बघायला मुलीसुद्धा ग्राउंडवर यायच्या, आणि तो आपला मान खाली घालून मांडीला माती चोळत उभा. बी.ए.ला होता, भूगोल घेऊन. भूगोल का, तर जिमखान्याचे सर म्हणाले होते म्हणून. फी माफ, हॉस्टेल माफ, वर खेळाडूंना रोज अर्धा लिटर दूध आणि दोन अंडी.

भूगोलाला प्रात्यक्षिक असतं, आणि प्रात्यक्षिक म्हटलं की जर्नल. जर्नलवर सरांची सही झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि परीक्षेला बसला नाही तर पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या एलिजिबिलिटी फॉर्मवर नाव कसं जाणार? इंटरझोनल कबड्डी स्पर्धा तोंडावर आलेली. संभा सकाळी साडेचारला डोंगर पळायला जायचा, संध्याकाळी सहा ते नऊ ग्राउंड. खोलीवर आला की बूट काढता काढता झोपायचा. जर्नल कोरं.

"तेवढं लिहून टाक की भावा," एका रात्री म्हणाला. "तुझं अक्षर चांगलं हाय."

मी लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, मन लावून लिहिलं. खिडकीच्या काचेला टोपोशीट चिकटवून, उन्हाच्या उजेडात समोच्च रेषा कागदावर उतरवल्या. तपकिरी स्केचपेनने रेषा, निळ्याने ओढे, लालने रस्ते. शंकूसारखी टेकडी, पठार, खिंड, व्ही आकाराची दरी. माझ्या भौतिकशास्त्राच्या जर्नलात व्हर्निअर कॅलिपरच्या रीडिंगांपलीकडे काही नव्हतं. त्यापुढे ही चित्रकला झकासच वाटायची. अक्षर मुद्दाम जरा गबाळं काढलं, संभाचं वाटावं म्हणून. मग लक्षात आलं की संभाचं अक्षर कसं आहे हे मला माहीतच नाही. दोन वर्षं एका खोलीत राहून त्याला काही लिहिताना मी पाहिलं नव्हतं.

त्यावर तेव्हा विचार केला का? नाही केला. सकाळी टेबलावर त्याच्या वाटणीचा दुधाचा पेला आणि सोललेली दोन अंडी ठेवलेली होती.

सरांनी पानं उलटली, सह्या केल्या, एका पानावर 'छान' लिहिलं. त्या वर्षी आम्ही इंटरझोनल जिंकलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. गुलाल मलाही लागला.

आता चॅपल हिलच्या अहवालातली स्वाहिलीची गोष्ट ऐका. तिथे पदवीला परदेशी भाषेची अट आहे, ठरावीक पातळीपर्यंत एक भाषा शिकावी लागते. स्वाहिलीची वरची पायरीही काही जणांना पेपर क्लास म्हणून मिळाली. भाषेचं एक वाक्य न बोलता, न लिहिता, स्वाहिली संस्कृतीवर इंग्रजीत निबंध द्यायचा की भाषेची अट पूर्ण. हे वाचून मी मोठ्याने हसलो, आणि हसता हसता गप्प झालो. व्ही आकाराच्या दरीत पाणी कुठून कुठे वाहतं हे ठाऊक नसलेला भूगोलाचा पदवीधर मी स्वतःच्या हाताने घडवला होता की.

त्याच अहवालात जॅन बॉक्सिलबाईंच्या ईमेल आहेत. नीतिशास्त्राच्या शिक्षिका, विद्यापीठाच्या नीतिशास्त्र केंद्राच्या प्रमुख, प्राध्यापकसभेच्या अध्यक्षही होत्या, आणि महिला बास्केटबॉल संघाच्या अभ्यास-समुपदेशक. एका मुलीच्या निबंधाबद्दल क्राउडरबाई विचारतात, डी चालेल ना? बॉक्सिलबाई कळवतात, चालेल, तिला तेवढंच लागतं. मी निबंध पाहिलेला नाही, पण जुनाच फिरवलेला असावा. यावर मी काय बोलू? काही गोष्टींना मीठ लावायची गरज नसते.

यात सरळ विचार करणारी एक बाई होती. मेरी विलिंगहॅम. खेळाडूंना वाचायला मदत करायला नेमलेल्या. विद्यापीठाने घेतलेल्या काही पोरांना नीट वाचता येत नाही, असं त्या बोलू लागल्या, आधी वर्तमानपत्राशी आणि मग २०१४ च्या जानेवारीत सीएनएनवर. त्यांनी मांडलेल्या आकड्यांवरून विद्यापीठाने त्यांच्याशी मोठा वाद घातला. आकडे बाजूला ठेवले तरी प्रश्न उरतोच, आणि तो चॅपल हिलपुरता नाही.

केव्हिन रॉसची गोष्ट याहून जुनी आहे. १९७८ ते १९८२ अशी चार वर्षं तो ओमाहाच्या क्रेटन विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळला. खेळायची मुदत संपली तेव्हा त्याला धड वाचता येत नव्हतं. मग शिकागोत मार्व्हा कॉलिन्स यांच्या शाळेत तो शिकायला बसला, तेविशीतला उंचापुरा बाप्या, आजूबाजूला शाळकरी पोरं. क्रेटननेच शाळेची फी भरली. १९८७ साली शिकागोतल्या एका उंच हॉटेलच्या खोलीत त्याने स्वतःला कोंडून घेतलं आणि खिडकीतून सामान खाली फेकायला सुरुवात केली. ते फर्निचर म्हणजे आपल्याला फसवणारी क्रेटनची माणसं आहेत, असं त्याच्या डोक्यात होतं. पुढे तो कोर्टात गेला. कॉलेजने वाईट शिकवलं म्हणून नुकसानभरपाई मागता येत नाही, असं १९९२ साली अपील कोर्टाने सांगितलं. मात्र जे शिकवण्याचं वचन दिलं त्याची संधीच दिली नाही, एवढ्या चिंचोळ्या मुद्द्यावर दावा चालू शकतो म्हणाले. शेवटी थोड्या पैशांत तडजोड झाली.

कोर्टाची अडचण मला कळते. शिकवलं की नाही हे मोजायचं कसं? सही मोजता येते.

'स्टुडंट-अ‍ॅथलीट' हा शब्दच मुळात वकिली आहे. १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन नावाचा खेळाडू फुटबॉल खेळताना डोक्याला मार बसून गेला. त्याच्या बायकोने कामगार म्हणून भरपाई मागितली. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ती नाकारली. एनसीएएचे त्या काळचे कारभारी वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच लिहून ठेवलं की खेळाडू नोकर ठरू नयेत म्हणून हा शब्द आम्ही रूढ केला. म्हणजे विद्यार्थी हे त्या पोराचं वर्णन नव्हतंच, मालकाची ढाल होती. आणि ढाल टिकवायची तर सरासरी २.० राखायला हवी. सरावाला नियमाने आठवड्याचे २० तास. प्रवास, व्यायाम, जुन्या सामन्यांची फिल्म बघणं धरून खेळाडू दुप्पट सांगतात. उरलेल्या वेळात अभ्यास. साडेचारला डोंगर पळून आलेल्या पोराने समोच्च रेषा काढायच्या, तसंच.

आता अमेरिकेत खेळाडूंना उघड पैसे मिळतात. २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिराती करता येतात, आणि २०२५ च्या तडजोडीनंतर विद्यापीठं थेट पैसे देतात, एकेका विद्यापीठाला वर्षाला २ कोटी डॉलरच्या वरपर्यंत वाटता येतात. बरं झालं. निदान ती ढोंगाची एक गाठ सुटली. सरासरीची अट मात्र आहे तिथेच आहे.

आणि चॅपल हिलचं काय झालं? मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१५ साली विद्यापीठाला वर्षभर प्रोबेशनवर टाकलं. न्यांगोरोंवर न शिकवलेल्या वर्गाचे १२,००० डॉलर घेतल्याचा खटला भरला होता, चौकशीला मदत केली म्हणून तो मागे घेतला. खरी वाट सगळे बघत होते एनसीएएच्या निकालाची. २००५ आणि २००९ ची बास्केटबॉलची अजिंक्यपदं काढून घेणार का? २००५ च्या संघातला रशाद मॅकँट्स तर टीव्हीवर येऊन सांगून गेला होता की त्याने वर्गात न जाता चार ए मिळवले. प्रशिक्षकांनी आणि सोबतच्या खेळाडूंनी ते नाकारलं.

निकाल १३ ऑक्टोबर २०१७ ला लागला. शुक्रवार होता. ऑफिसात पुन्हा आकाशी निळे टी-शर्ट होते.

विद्यापीठाला शिक्षा शून्य. एनसीएएच्या समितीचे अध्यक्ष ग्रेग सँकी यांनी सांगितलं त्याचा अर्थ असा, की हे वर्ग फक्त खेळाडूंसाठी नव्हते, सगळ्या विद्यार्थ्यांना खुले होते. खेळाडूंना इतरांपेक्षा जास्त काही मिळालं असतं तर आमचा नियम मोडला असता. आणि ते वर्ग खरे की खोटे, हे ठरवायचा अधिकार विद्यापीठाचा. विद्यापीठ त्या गुणांच्या पाठीशी उभं आहे. मान्यता देणाऱ्या संस्थेला लिहिताना विद्यापीठाने 'शैक्षणिक गैरव्यवहार' हे शब्द वापरले होते. एनसीएएपुढे ते नजरचुकीने पडल्याचं सांगितलं. या सगळ्या प्रकरणात वकील आणि सल्लागारांवर विद्यापीठाचे १ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास खर्च झाले, असं छापून आलं होतं. तेवढ्यात किती पोरांना वाचायला शिकवता आलं असतं, हा हिशेब लाल मगवाल्याने कागदी नॅपकिनवर मांडायला घेतला होता. मग कुणीतरी डोनट आणले आणि तो राहून गेला.

सगळ्यांना खुलं होतं, म्हणून चूक नाही. मला हे ऐकून राग यायला हवा होता. मला आमचा पर्यावरणाचा प्रकल्प आठवला.

पर्यावरणशास्त्र तेव्हा नुकतंच सगळ्या शाखांना सक्तीचं झालं होतं. प्रत्येकाने परिसरात फिरून प्रकल्प करायचा. कॉलेजच्या गेटसमोर एक झेरॉक्सवाला होता. त्याच्याकडे नदी-प्रदूषण, ध्वनिप्रदूषण आणि गावतळे असे तीन प्रकल्प तयार, स्पायरल बाइंडिंगसकट. फक्त पहिलं पान बदलायचं. सायन्सवाले, आर्ट्सवाले, टॉपर, नापास, सगळे तिथे रांगेत. खेळाडूंना वेगळी सवलत नव्हती हो, तेवढी समता आमच्यात होती. मी नदी घेतली. ऋणनिर्देशात 'माझ्या थोरल्या ताईने वेळोवेळी केलेल्या मदतीबद्दल' असे आभार होते. मला ताई नाही. पास झालो. सरांनीही तो प्रकल्प वर्षाला पन्नासदा तरी वाचला असेल, किंवा एकदाही नसेल.

तेव्हा सँकी यांच्या समितीला मी कोणत्या तोंडाने हसू?

संभा बी.ए. झाला. खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलीस भरतीत लागला. त्या हिशेबाने आमचा कट यशस्वीच म्हणायचा. पोरगं मार्गी लागलं, लग्न झालं, गावात घर बांधलं. मी अमेरिकेला आलो तरी आमचं बोलणं राहिलं. तो कधी मेसेज लिहीत नाही, बोलून पाठवतो. मला वाटायचं कंटाळा करतो. एकदा सहज विचारलं, पोलीस स्टेशनात पंचनामे-बिंचनामे लिहावे लागत असतील ना रे? तर हसला. "तुझ्यासारखा एक गावलाय हितंबी. बंदोबस्ताला मी जातो, कागूद त्यो करतोय."

मागच्या महिन्यात त्याने एक फोटो पाठवला. त्याची मुलगी अकरावीला आहे, तिने भूगोल घेतलाय. वहीच्या पानावर समोच्च रेषांचा एक नकाशा, एकात एक बसलेल्या रेषा, वर ४००, ४२०, ४४० असे आकडे, आणि खाली प्रश्न, तीव्र उतार कोणत्या बाजूला आहे? पाठोपाठ आवाज. "भावा, पोरगी इचारतीया, पप्पा तुमचा भूगोल हुता न्हवं. काय सांगू?"

इथे रात्रीचे दहा वाजले होते. मी फोन लावला. म्हटलं, एक रेष म्हणजे एक उंची. त्या रेषेवरून चालत राहिलास तर ना चढ लागणार, ना उतार. रेषा लांब लांब असल्या तर जमीन सावकाश चढते. जवळ जवळ आल्या तर चढ खडा.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मागे कुकरची शिट्टी झाली.

"आपण पळायचो त्यो डोंगर," म्हणाला, "देवळाच्या अंगानं लई खडा हाय बघ. मांड्या भरून यायच्या. म्हंजे तिकडनं रेषा चिकटून येणार. आन तळ्याच्या अंगानं फाकल्याल्या."

बरोबर, मी म्हटलं.

"आन मधी जी खोबण हाय, वढा येतो ती, तिथं रेष आत वळणार. वरच्या अंगाला. व्हय का न्हाई?"

व्ही आकाराची दरी. मी तीन वर्षांत ती त्याच्यासाठी किती वेळा काढली असेल. म्हटलं, बरोबर.

फोनवर त्याने मुलीला हाक मारल्याचं ऐकू आलं, पेन्सील घिऊन ये म्हणाला. मग माझ्याशी, जरा हळू आवाजात:

"येवढंच हुतं व्हय रं?"